पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये



गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या खोलीत संध्याकाळी मोठी रडारड झाली. शेजाऱ्यांची थोरली मुलगी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात द्यायचा प्रकल्प तिने पंधरा दिवस खपून तयार केला. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात तासाचे पैसे भरून टाइप केला. दुकानातला कॉम्प्युटर जुना. परवान्याचे पैसे वाचावेत म्हणून दुकानदाराने त्यावर लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली घातलेली. शेवटच्या दिवशी मुलीने फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. कॉपी पूर्ण झाल्याचे पडद्यावर दिसले. दुकान बंद व्हायची वेळ, मागे दोन गिऱ्हाइके उभी. तिने पेन ड्राइव्ह ओढून काढला आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर फाइलचे नाव दिसले, पण फाइल काही उघडेना. धावत दुकानात गेली, तर काम संपले म्हणून दुकानदाराने मूळ फाइल पुसून टाकलेली. वडील रात्रपाळीला निघाले होते. ते तिच्यावरच कडाडले, "तूच नीट सेव्ह केले नसशील. मशीन कसे चुकेल?" पोरगी रडत म्हणाली, "बाबा, मी सेव्ह केले होते. काका, तुम्ही तरी सांगा ना यांना, पडद्यावर आले होते हो!"

पोरगी खोटे बोलत नव्हती, आणि यंत्रही बिघडलेले नव्हते. दोघांच्या 'झाले' या शब्दाचा अर्थ मात्र वेगळा होता. तो फरक आज समजून घ्यायचा आहे. कारण आपल्या घरात यंत्र नवे असते आणि काही बिनसले की आपण आधी आपल्याच लेकरांना दोष देतो. "आपल्याला यातले कळत नाही" असे म्हणून मान खाली घालतो. कळत नाही असे यात काही नाही. कचेरीत अर्ज दिलेल्या प्रत्येक माणसाला हे कळण्यासारखे आहे.

फळा आणि वही

कॉम्प्युटरमध्ये आणि मोबाइलमध्ये दोन प्रकारची स्मृती असते. एक रॅम. ती शाळेच्या फळ्यासारखी. झरझर लिहा, झरझर पुसा. पण वीज गेली की फळा कोरा. दुसरी टिकाऊ स्मृती. ती वहीसारखी. वीज गेली तरी लिहिलेले राहते. हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, मोबाइलच्या आतली जागा, ही सगळी दुसऱ्या प्रकारची.

हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर चुंबकाने लिहितात. पेन ड्राइव्ह आणि मोबाइलमध्ये 'फ्लॅश' जातीची चिप असते. तोशिबा कंपनीतले जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ साली जगापुढे मांडली. तिच्यात विजेचे कण बारीक कप्प्यांत कोंडून ठेवतात, म्हणून वीज काढली तरी नोंद राहते.

मग सरळ वहीतच का लिहू नये? कारण वेग. रॅममधून एक नोंद काढायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात; म्हणजे एकामागून एक अशा नोंदी काढायच्या तर एका सेकंदात सुमारे १ कोटी निघतील. चांगल्या फ्लॅशमधून एका सेकंदात सुमारे दहा हजार. आणि फिरत्या हार्ड डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेल्या नोंदी शोधायच्या तर सेकंदाला जेमतेम शंभर. दर अक्षरामागे वहीपर्यंत हेलपाटा घातला, तर सगळे काम गोगलगाईच्या चालीने चालेल.

कर्नेल म्हणजे कोण?

फळा आणि वही यांच्यामध्ये एक कारभारी बसलेला असतो. त्याचे नाव कर्नेल. लष्करातला कर्नल नव्हे! कर्नेल म्हणजे दाण्याच्या आतला गर, गाभा. कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीचा हा गाभा आहे. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्स या प्रणालीचे काम सुरू केले. त्याच धर्तीवर १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातला एक विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स याने लिनक्सचा कर्नेल लिहायला घेतला आणि तो सर्वांना खुला केला. आज तुमच्या-आमच्या खिशातल्या अँड्रॉइड मोबाइलमध्ये हाच कर्नेल काम करतो.

कर्नेलचा पहिला नियम असा की कोणत्याही प्रोग्रामने स्वतः उठून वहीला हात लावायचा नाही. टाइप करण्याचा प्रोग्राम असो, गाण्याचा असो की फोटोचा असो, प्रत्येकाने खिडकीशी येऊन मागायचे. "अमुक फाइल उघडा, अमुक मजकूर वाचून द्या, अमुक मजकूर लिहून घ्या." कर्नेल पाहतो की ही फाइल कोणाची, ती वाचण्याची परवानगी कोणाला, लिहिण्याची कोणाला. मगच तो रेकॉर्ड रूममध्ये जातो. हे जाचक वाटेल, पण गरजेचे आहे. प्रत्येकाला रेकॉर्ड रूममध्ये मोकळे सोडले तर एकाचा कागद दुसऱ्याच्या कागदावर चढेल आणि कोणाचेच काही शिल्लक राहणार नाही.

मळलेली पाने

आता त्या दुकानात काय झाले ते पाहू.

मजकूर आला की कर्नेल तो लगेच वहीत लिहीत नाही. रॅममध्ये त्याने पानांचा एक साठा ठेवलेला असतो. एक पान बहुतेक यंत्रांत ४०९६ बाइटचे, म्हणजे इंग्रजी मजकुराची सुमारे चार हजार अक्षरे मावतील एवढे. नवा मजकूर तो या पानावर घेतो, पानावर 'मळलेले' अशी खूण करतो आणि प्रोग्रामला सांगतो, "झाले." मळलेले म्हणजे रॅममध्ये बदललेले, पण वहीत अजून न उतरलेले. मग लिनक्सचा कर्नेल साधारण दर पाच सेकंदांनी जागा होतो आणि तीस सेकंदांहून जुनी झालेली मळलेली पाने टिकाऊ स्मृतीत उतरवतो. पाने फार साचली तर त्याआधीही उतरवतो. हे आकडे बदलता येतात. कोणी बदलले नाहीत तर हेच लागू असतात. ही चाल जुनी आहे. पूर्वीच्या युनिक्सवरही तीस-तीस सेकंदांनी साचलेले सगळे उतरवणारा एक छोटा प्रोग्राम असे.

यात कर्नेलची लबाडी नाही. आपण एकच ओळ दहा वेळा खोडून लिहिली, तर दहा हेलपाट्यांऐवजी एकात काम भागते. शिवाय फ्लॅश चिपवर थोडेसे पुसून थोडेसे लिहिता येत नाही. आधी मोठा गाळाच्या गाळा पुसावा लागतो, आणि प्रत्येक गाळा ठरावीक वेळाच पुसता येतो. मग तो झिजून निकामी होतो. म्हणून थोडे साचवून एकदम लिहिणे हे त्या चिपच्याही हिताचे असते.

पण यातच धोका आहे. पडद्यावरचे 'कॉपी पूर्ण' म्हणजे 'कर्नेलने ताब्यात घेतले' एवढेच. 'पेन ड्राइव्हवर उतरले' असा त्याचा अर्थ नव्हे. कचेरीत आपण अर्ज देतो. कारकून म्हणतो, "ठेवा तिथे, झाले तुमचे काम." अर्ज टेबलावर आहे, हे खरे. पण आवक नोंदवहीत चढला का? शिक्का पडला का? त्या मधल्या वेळात वारा आला तर अर्ज उडून जाईल. आमच्या शेजारच्या मुलीने पेन ड्राइव्ह ओढला तेव्हा तिचा प्रकल्प असाच टेबलावर होता.

फाइलचे नाव मात्र दिसत होते, याचे काय? नाव एका जागी लिहायचे असते, मजकूर दुसऱ्या जागी, आणि कोणता मजकूर कोणत्या गाळ्यात आहे याची यादी तिसऱ्या जागी. नाव उतरले आणि मजकूर उतरायच्या आत पेन ड्राइव्ह बाहेर आला, की पाटी आहे पण घरात माणूस नाही, अशी गत होते.

रोजकीर्द आणि खतावणी

लिहिता लिहिता वीज गेली तर काय, हा प्रश्न कर्नेल लिहिणाऱ्यांनाही पडला होता. त्यांनी जे उत्तर काढले ते आपल्या किराणा दुकानदाराला फार आधीपासून ठाऊक आहे. दुकानदार व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपतो आणि मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतो. लिनक्समध्ये २००१ साली आलेल्या 'एक्स्ट-३' या फाइल मांडणीने असेच केले. कोणकोणते बदल करायचे ते आधी रोजकीर्दीत लिहायचे. नोंद पूर्ण झाली की शेवटी 'पक्की' अशी खूण करायची. मगच मूळ जागी बदल करायचा. मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना कर्नेल रोजकीर्द वाचतो. पक्की खूण असलेले व्यवहार पुन्हा चढवतो. खूण नसलेला अर्धवट व्यवहार सोडून देतो. त्यामुळे खतावणीचा मेळ बिघडत नाही.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की या रोजकीर्दीत बहुधा नाव, जागा, मोजमाप यांचीच नोंद होते. तुमचा मजकूर तिच्यात नसतो. म्हणजे घराचा सांगाडा वाचतो, आतले सामान वाचेलच असे नाही. दुसरी ही की पेन ड्राइव्हवर आणि मेमरी कार्डवर सहसा 'फॅट' जातीची मांडणी असते, आणि तिला ही रोजकीर्दच नसते. म्हणून तिथे जास्त जपावे लागते.

पोच मागण्याचा हक्क

मग खात्री कशी करायची? प्रोग्रामला तसा हक्क दिलेला आहे. कर्नेलला एक खास विनंती करता येते. तिचे नाव 'एफ-सिंक'. तिचा अर्थ असा : "या फाइलचे जेवढे मळलेले आहे तेवढे सगळे टिकाऊ स्मृतीत उतरवा, आणि उतरल्याशिवाय मला 'झाले' म्हणू नका." डिस्कच्या स्वतःच्या पोटातही एक तात्पुरता साठा असतो, म्हणून कर्नेल तिलाही तो रिकामा करण्याचा हुकूम सोडतो. या विनंतीला वेळ लागतो. पण ही खरी पोच. ज्या प्रोग्रामला एकही नोंद गमावून चालत नाही, त्याने ही पोच घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सगळे प्रोग्राम ती घेतात असे नाही. २००९ साली 'एक्स्ट-४' ही नवी मांडणी वापरणाऱ्या काही लोकांना यंत्र अचानक बंद पडल्यावर आपल्या फाइली शून्य लांबीच्या झालेल्या दिसल्या. नावे होती, मजकूर नव्हता. ही मांडणी मजकुराला जागा देण्याचे काम शक्य तितके पुढे ढकलत असे, आणि प्रोग्राम पोच न मागताच निघून जात. त्यावर बराच वाद झाला. मांडणी लिहिणारे थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे की प्रोग्रामने पोच मागायला हवी होती. तरीही त्यांनी कर्नेलमध्ये सुधारणा केली, की जुनी फाइल बदलून नवी ठेवण्याच्या नेहमीच्या रीतीत मजकूर लवकर उतरावा. नियम बरोबर असला तरी सामान्य माणसाचे नुकसान होत असेल तर व्यवस्थेनेच एक पाऊल पुढे यावे, ही समज मला मोलाची वाटते.

दुसरा प्रसंग २०१८ सालचा. पोस्टग्रेस हा माहिती साठवणारा मोठा प्रोग्राम जगभर वापरतात. तो लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आले की डिस्कवर लिहिताना चूक झाली तर लिनक्सचा कर्नेल एफ-सिंकच्या उत्तरात चूक एकदा सांगतो खरी, पण न उतरलेल्या पानावरची 'मळलेले' ही खूण पुसलेली असू शकते. प्रोग्रामने पुन्हा विचारले तर उत्तर येते, "सर्व ठीक." आणि ती नोंद तर उतरलेलीच नसते! म्हणून २०१९ च्या फेब्रुवारीत पोस्टग्रेसने आपली रीत बदलली. पोच मागताना चूक आली की पुन्हा विचारत बसायचे नाही; तिथेच थांबायचे आणि आपल्या स्वतःच्या रोजकीर्दीवरून सगळे पुन्हा उभे करायचे. पहिले 'नाही' गंभीरपणे घ्या, नंतरच्या गोड 'हो'वर विसंबू नका, असा हा धडा आहे.

मधला माणूस गेला तर?

आता कोणी विचारील, रॅमइतकी जलद आणि वहीसारखी टिकाऊ अशी एकच स्मृती केली तर? तसा प्रयत्न झाला. इंटेल आणि मायक्रॉन या कंपन्यांनी २०१५ साली नव्या जातीची स्मृती जाहीर केली. इंटेलने २०१९ पासून 'ऑप्टेन' नावाने तिच्या पट्ट्या विकल्या. त्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये रॅमच्या शेजारच्या खाचेतच बसत आणि वीज गेली तरी त्यांतले लिहिलेले राहत असे.

लिनक्सच्या कर्नेलने अशा स्मृतीची तयारी आधीच केली होती. २०१५ च्या एप्रिलमध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत 'डॅक्स' नावाची सोय आली. वहीच फळ्याइतकी जवळ असेल तर मध्ये पानांचा साठा कशाला? कर्नेल एकदा परवानगी तपासतो, फाइलची जागा प्रोग्रामला थेट जोडून देतो आणि बाजूला होतो. पहारा मात्र उठत नाही. प्रोसेसरच्या आतली यंत्रणा कर्नेलने दिलेल्या नकाशाप्रमाणे प्रत्येक पावलाला पाहते की हा प्रोग्राम आपल्या हद्दीतच आहे.

एवढे करूनही पोच काही सुटली नाही. प्रोसेसरच्या पोटातही एक छोटा तात्पुरता साठा असतो. लिहिलेले तिथेच रेंगाळले आणि वीज गेली, तर काम वाया. म्हणून प्रोग्रामला वेगळी सूचना देऊन तो मजकूर बाहेर ढकलावा लागतो. शिवाय मजकूर उतरला, पण फाइलच्या जागेची यादी उतरली नाही, तर काय उपयोग? म्हणून २०१८ च्या जानेवारीत लिनक्सच्या ४.१५ आवृत्तीत अशी हमी आली की ती मागितली असेल तर कर्नेल आधी यादी पक्की करील आणि मगच प्रोग्रामला थेट लिहू देईल. कारभारी बाजूला झाला, पण आपली जबाबदारी टाकून गेला नाही. २०२२ साली इंटेलने ऑप्टेनचा धंदा आवरता घेत असल्याचे जाहीर केले. कर्नेलमधली डॅक्सची सोय मात्र राहिली.

घरात काय करावे?

बंधू-भगिनींनो, एवढे सगळे लक्षात राहिले नाही तरी चालेल. पुढच्या चार गोष्टी मात्र मुलांना जवळ बसवून वाचून दाखवा.

एक, पेन ड्राइव्ह किंवा कार्ड कधीही ओढून काढू नये. पडद्यावर 'इजेक्ट' किंवा 'सेफली रिमूव्ह' असे असते, ते दाबावे. त्याचा अर्थ "साचलेले सगळे उतरवा" असा आहे. 'आता काढा' असे उत्तर आले की मगच हात लावावा. विंडोज प्रणालीने २०१८ च्या ऑक्टोबरच्या आवृत्तीपासून पेन ड्राइव्ह लवकर काढता यावा अशी सोय आपोआप लागू केली आहे. पण लिहिणे चालू असताना तिथेही काढू नये, आणि दुकानातला कॉम्प्युटर कोणत्या प्रणालीचा हे आपल्याला ठाऊक नसते.

दोन, काढल्यावर पुन्हा लावून फाइल उघडून पाहावी. नुसते नाव पाहू नये, शेवटचे पान पाहावे. ही आपली स्वतःची पोच.

तीन, मूळ फाइल पुसू द्यायची ती या तपासणीनंतरच. दुकानदाराला नम्रपणे पण ठामपणे सांगावे, "दादा, दोन मिनिटे थांबा, मी बघून घेते." मागे रांग असली तरी लाजू नये. दोन मिनिटांसाठी रांगेतला कोणी उपाशी राहत नाही.

चार, मार्कशीट, दाखले, प्रकल्प, लग्नाचे फोटो, जे गेले तर पुन्हा मिळायचे नाही, त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात. एकच पेन ड्राइव्ह म्हणजे एकच खिळा. त्यावर घर टांगू नये.

शेजारच्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगतो. कॉलेजातल्या बाईंनी तिला आठ दिवसांची मुदत दिली. हाताने लिहिलेले कच्चे कागद तिने जपून ठेवले होते, त्यावरून प्रकल्प पुन्हा टाइप केला. परवा तिचे वडील स्वतः तिच्याबरोबर दुकानात गेले होते. मी वर जे लिहिले ते मी त्यांना आधी तोंडी सांगितले होते. ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे पोरीची चूक नव्हती." मी म्हटले, "चूक एवढीच, की तिने पोच घेतली नाही. आणि पोच घ्यायची असते हे तिला आपल्यापैकी कोणी सांगितले नव्हते."

फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन झाल्यावर पोरीने आधी इजेक्ट दाबले, मग पेन ड्राइव्ह पुन्हा लावून शेवटचे पान उघडले. वडील काउंटरला टेकून शेवटपर्यंत उभे होते. मागच्या गिऱ्हाइकाने घाई केली, तेव्हा तेच वळून म्हणाले, "थांबा जरा. माझी मुलगी तपासून घेते आहे."